‘होईल वेळेत’ : सॉफ्टवेअर टीममधील विश्वासाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी सॉफ्टवेअर टीममध्ये काम करणाऱ्यांची पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. कुणी स्टँड-अपविषयी, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या आढावा-बैठकीविषयी विचारले आहे, कुणी कोड रिव्ह्यूविषयी, म्हणजे सहकाऱ्याचा कोड वाचून तपासण्याविषयी, कुणी डेडलाइनविषयी. पण सहाही पत्रे वाचून झाल्यावर माझ्या मनात एकच प्रश्न उरला. या टीममध्ये एखाद्याला वाईट बातमी सांगायची असेल, तर ती सांगण्याची त्याला काय किंमत मोजावी लागते? उत्तरे लिहिताना मी हाच प्रश्न समोर ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे आणि कंपन्यांचे तपशील अर्थातच वगळले आहेत.

प्रश्न : मी आठ जणांच्या टीमची लीड आहे. रोजच्या स्टँड-अपमध्ये प्रत्येक जण ‘काम चालू आहे, अडचण काही नाही, होईल वेळेत’ असे सांगतो, आणि स्प्रिंट (कामाचा ठरावीक छोटा कालावधी) संपायच्या आदल्या दिवशी मात्र दोन-तीन कामे अर्धवट असल्याचे उघड होते. मी आजवर कुणावरही आवाज चढवलेला नाही. तरीही अडचण मला वेळेवर का सांगितली जात नाही?

उत्तर : तुम्ही आवाज चढवत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, परंतु माणसे आवाजाइतकेच लक्ष पुढच्या दोन मिनिटांत काय घडते याकडे देतात. काही वर्षांपूर्वी मी एका टीमच्या स्टँड-अपला बसलो होतो. एका प्रोग्रामरने सांगितले की ज्या सेवेकडून त्याचे मॉड्यूल (प्रोग्रामचा त्याच्याकडे असलेला भाग) माहिती घेते तिच्या उत्तराची रचना बदलली आहे, त्यामुळे त्याचे काम गुरुवारपर्यंत होणार नाही. टीम लीडने अगदी सौम्यपणे विचारले, ‘‘मग शुक्रवारी नक्की होईल ना?’’ सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि तो ‘‘हो’’ म्हणाला. अडचण नेमकी काय आहे, त्या दुसऱ्या टीमशी कोण बोलू शकेल, हे कुणीच विचारले नाही. खरे सांगितल्याबद्दल त्याच्या पदरात काय पडले, तर चारचौघांत दिलेले आणखी एक वचन, ज्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने ‘काम चालू आहे’ एवढेच सांगितले, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतील टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमकडून औषधोपचारातील चुका कमी होत असतील अशी तिची अपेक्षा होती. हाती आलेली आकडेवारी उलटी होती : ज्या टीममधील नाती आणि नेतृत्व चांगले, तिथे नोंदवलेल्या चुका अधिक होत्या. खोलात गेल्यावर तिला दिसले की तिथे चुका अधिक होतात असे मानण्यापेक्षा तिथे चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जाते असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. पुढे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या शोधनिबंधामुळे ‘मानसिक सुरक्षितता’ (चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपल्याला त्रास होणार नाही हा विश्वास) ही संज्ञा टीमच्या संदर्भात रुळली. कोणते काम कुठवर आले हे दाखवणारा तुमच्या टीमचा बोर्ड सदैव हिरवा दिसत असेल, तर त्याकडे याच दृष्टीने पाहा.

आता करण्याजोगे. स्टँड-अपमध्ये माणसांची फेरी घेण्याऐवजी कामांची फेरी घ्या. बोर्डवर पूर्णत्वाच्या सर्वांत जवळ असलेल्या कामापासून सुरुवात करा आणि ‘हे पुढे सरकण्यासाठी आज कुणाची काय मदत लागेल?’ एवढेच विचारा. जे काम तीन दिवस एकाच रकान्यात आहे, त्याविषयी कुणी तक्रार करण्याची वाट न पाहता तुम्हीच चौकशी करा. स्वतः कुठे अडला आहात ते सर्वांआधी तुम्ही सांगा. आणि कुणी अडचण सांगितली, तर तासाभरात तिच्यावर काहीतरी घडले पाहिजे : एक फोन झाला पाहिजे, एखादा सहकारी शेजारी जाऊन बसला पाहिजे, किंवा एखादे काम स्प्रिंटमधून उघडपणे वगळले गेले पाहिजे.

यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे. टीमकडून कळलेली वाईट बातमी तुम्ही तुमच्या वरिष्ठांना त्याच दिवशी सांगता का? तुम्ही ती आठवडाभर स्वतःजवळ ठेवत असाल तर टीमला ते दिसतेच, आणि या ठिकाणी शहाणपणाचा मार्ग कोणता याचा धडा ती तुमच्याकडूनच घेते.

प्रश्न : नोकरीला लागून मला दीड वर्ष झाले. माझी पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदल स्वीकारण्याची विनंती) रिव्ह्यूसाठी चार-चार दिवस पडून राहते आणि शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या तीस-चाळीस टिप्पण्या एकदम येतात. ‘हे असे का?’, ‘चुकीचे’, ‘पुन्हा पाहा’ अशा त्या असतात. आता कोड पाठवायचीच धास्ती वाटते. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी आहेत, विलंबाचे आणि भाषेचे, आणि विलंबाचे दुखणे अर्धेअधिक तुमच्या हातात आहे. तुमची पुल रिक्वेस्ट किती मोठी असते ते तुम्ही लिहिलेले नाही, पण चाळीस टिप्पण्या येतात त्या अर्थी ती हजार ओळींच्या घरात असावी. असा डोंगर समोर आला की वाचणारा तो ‘निवांत वेळ मिळेल तेव्हा पाहू’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि तो निवांत वेळ चार दिवसांनी संध्याकाळी, दमलेल्या अवस्थेत येतो. तेच काम दीडशे-दोनशे ओळींच्या तुकड्यांत पाठवा. नावांचे बदल वेगळे पाठवा आणि प्रोग्रामच्या वर्तनातील बदल वेगळे पाठवा, म्हणजे वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी एकाच प्रकारे विचार करावा लागेल. वर्णनात बदलाचे कारण लिहा, काय तपासून पाहिले ते लिहा आणि स्वतःला शंका असलेली जागा स्वतःच दाखवा. ‘दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर काय होईल याची मला खात्री नाही, कृपया हा भाग नीट पाहावा’ असे वाक्य लिहिणाऱ्या नवख्या प्रोग्रामरविषयी माझा आदर वाढतो, आणि बहुतेक वरिष्ठांचाही वाढतो असा माझा अनुभव आहे.

भाषेविषयी तुमच्या लीडशी बोलावे लागेल, कारण हा संपूर्ण टीमचा प्रश्न आहे. ‘हे असे का?’ ही टिप्पणी वाचणाऱ्याला उत्तर मागते की माफी, हेच कळत नाही. तीच गोष्ट अशी लिहिता येते : ‘यादीत एकही नोंद नसेल तर या ओळीवर प्रोग्राम कोसळेल. आधी यादी रिकामी आहे का ते पाहावे, आणि तशी एक टेस्ट जोडावी.’ अशा टिप्पणीत काय घडेल, कशामुळे घडेल आणि काय करता येईल हे तिन्ही आहे, आणि लिहिणाऱ्या माणसाविषयी एक शब्दही नाही. कोणती टिप्पणी मर्जपूर्वी (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्यापूर्वी) सोडवणे आवश्यक आहे आणि कोणती केवळ सूचना आहे, हे टिप्पणीच्या सुरुवातीला लिहिण्याची पद्धत टीमने ठरवून घ्यावी. स्पेस, कंस आणि ओळींची मांडणी यांवर माणसांनी वेळ घालवूच नये. ते काम फॉरमॅटर आणि लिंटर ही स्वयंचलित साधने विनातक्रार करतात.

इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो. आयबीएममधील मायकल फेगन यांनी १९७६मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तपासणीत सापडलेले दोष प्रोग्रामरच्या कामगिरीचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नयेत, असा इशारा त्यांनी तेव्हाच देऊन ठेवला होता. तो मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या दिवशी टिप्पण्यांची संख्या वार्षिक मूल्यमापनात शिरते, त्या दिवसापासून लोक दोष शोधण्याऐवजी दोष झाकणारा मित्र-रिव्ह्यूअर शोधू लागतात.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही सांगतो. एआय साधनाकडून लिहून घेतलेला कोड पाठवत असाल तर त्याची प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. ‘ते साधनाने सुचवले होते’ हे उत्तर एकदा जरी दिले, तरी तुमची पुढची प्रत्येक पुल रिक्वेस्ट संशयाने वाचली जाईल, आणि तो संशय अनाठायी म्हणता येणार नाही.

प्रश्न : आमच्या एका सहकाऱ्याने टेस्टिंगचा समजून प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या) डेटाबेसवर डिलीटची स्क्रिप्ट चालवली. चार तासांचा डेटा गेला. व्यवस्थापन आता अहवालात त्याचे नाव मागत आहे. मी अहवाल लिहिणार आहे. नाव लिहावे का?

उत्तर : लिहू नये. कारण सविस्तर देतो, म्हणजे तुम्हाला ते व्यवस्थापनापुढे मांडता येईल.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत जवळजवळ हाच प्रकार घडला. डेटाबेसच्या प्रतिकृतीतील बिघाड दुरुस्त करण्यासाठी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनीअरने आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य सर्व्हरवरील डेटा पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तेव्हा सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम ४.५ जीबी डेटा शिल्लक होता. यानंतर जे समोर आले ते त्या आज्ञेहून गंभीर होते. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या, पण ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. नियमित बॅकअप घेणारा प्रोग्राम आवृत्तीतील फरकामुळे निमूटपणे अयशस्वी होत होता, आणि त्याची सूचना देणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. इंजिनीअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता म्हणून बाकीचा डेटा वाचला. कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी त्याच वेळी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यात त्या इंजिनीअरचा उल्लेख केवळ टीममधील एक सदस्य असा केला.

त्या अहवालात नाव ठळकपणे छापले असते आणि चौकशी तिथेच संपली असती, तर बॅकअपची परिस्थिती कुणाच्या नजरेस आली असती का? नाव मिळाले की शोध थांबतो, ही नाव लिहिण्याला माझी मुख्य हरकत आहे. सहकाऱ्याविषयीची कणव त्यानंतर येते.

अहवालात घटनाक्रम मिनिटांनिशी लिहा. प्रत्येक टप्प्यावर काम करणाऱ्याला पडद्यावर काय दिसत होते आणि त्या क्षणी त्याला ते योग्य का वाटले, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि शिक्षेची भीती असेल तर ती त्याच्याकडूनही मिळणार नाही. दोन्ही डेटाबेसच्या टर्मिनल खिडक्या सारख्याच दिसत होत्या का? रोजच्या कामाच्या खात्याला प्रॉडक्शनवर पुसण्याचा अधिकार का होता? स्क्रिप्टने आधी ‘इतक्या नोंदी पुसल्या जातील’ असे का विचारले नाही? बॅकअपमधून डेटा परत आणण्याचा सराव शेवटचा कधी झाला? प्रत्येक उत्तरातून एक दुरुस्ती निघेल, आणि प्रत्येक दुरुस्तीला जबाबदार व्यक्ती व तारीख असली पाहिजे. अहवालात नावे यायची ती इथे यावीत.

व्यवस्थापनाने ‘म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही का?’ असे विचारले, तर सांगा की घडले ते संपूर्ण आणि खरे सांगणे, आणि ते पुन्हा घडणार नाही अशी व्यवस्था उभी करण्यात भाग घेणे, ही त्या सहकाऱ्याची जबाबदारी आहे आणि तो ती पार पाडतो आहे. कुणी घटना जाणूनबुजून दडवली असती तर माझे उत्तर वेगळे असते.

प्रश्न : घरून काम सुरू झाल्यापासून प्रोग्रामरांच्या संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवण्याचा आणि दररोज लिहिलेल्या ओळी मोजण्याचा आमचा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. अॅपलमध्ये १९८२च्या सुमारास लिसा संगणकावर काम करणाऱ्या इंजिनीअरांकडून दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींची संख्या मागितली जाई. बिल अॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रणाच्या कोडचा एक भाग नव्याने लिहून तो आधीपेक्षा कितीतरी वेगवान केला होता, आणि त्यात सुमारे २००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात ‘उणे २०००’ असे लिहिले. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो तक्ता मागणेच बंद झाले. तुम्हाला काम दिसत नाही ही तुमची अडचण खरी आहे. दर आठवड्याला चालू स्थितीतील सॉफ्टवेअर दाखवण्याची पद्धत सुरू करा, म्हणजे ती दूर होईल.

प्रश्न : आमचा प्रकल्प दोन महिने मागे पडला आहे. सध्या आम्ही सहा जण आहोत, आणखी चार जण देण्याचे व्यवस्थापनाने कबूल केले आहे. आम्ही प्रत्येक जण दोन-दोन कामे एकाच वेळी हाताळतो. तरीही वेग का येत नाही?

उत्तर : उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये लिहून ठेवले आहे, आणि ते लिहिण्यामागे आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव होता. हिशेब साधा आहे. सहा जणांमध्ये संवादाच्या १५ जोड्या होतात, दहा जणांमध्ये ४५. शिवाय नव्या चौघांना शिकवायला तुमच्या सहांपैकी ज्यांना सर्वाधिक माहिती आहे, तेच बसणार. सुटे करता येणारे काम असेल आणि हाताशी वेळ असेल तर माणसे जरूर घ्यावीत. दोन महिने मागे असताना मी घेणार नाही.

तुमचा दुसरा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सहा जणांची दोन-दोन कामे म्हणजे एका वेळी बारा कामे उघडी. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम सांगतो की व्यवस्था स्थिर असताना एका कामाला लागणारा सरासरी काळ म्हणजे उघड्या कामांची सरासरी संख्या भागिले कामे पूर्ण होण्याचा वेग. आठवड्याला तीन कामे पूर्ण होत असतील, तर प्रत्येक काम सरासरी चार आठवडे अडकून राहते. तोच वेग राखून उघडी कामे सहावर आणली तर ते दोन आठवड्यांत बाहेर पडते, आणि एका कामावरून दुसऱ्यावर उड्या मारणे कमी झाल्याने वेगही थोडा वाढण्याची शक्यता असते.

हे अमलात आणताना अडचण गणिताची येत नाही. उघड्या कामांवर सहाची मर्यादा घातली की कुणीतरी मोकळा होईल, आणि नवे काम घेण्याऐवजी त्याला दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालावा लागेल. तेव्हा ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ असा सूर निघतो, मोकळ्या दिसणाऱ्या माणसाला अपराधी वाटते, आणि दोन दिवसांत सगळे आपापल्या दोन-दोन कामांकडे परततात. म्हणून मर्यादा घालण्याआधी टीमला आणि व्यवस्थापनाला स्पष्ट सांगा की पुढचा महिनाभर कोण किती व्यग्र आहे हे पाहिले जाणार नाही, आठवड्याला किती कामे पूर्ण झाली एवढेच पाहिले जाईल. व्यवस्थापनाला एकच तारीख देऊ नका. ‘एवढ्या सोयींसह या दोन तारखांच्या दरम्यान, आणि या तीन सोयी वगळल्या तर त्याआधी महिनाभर’ असे पर्याय द्या, आणि निवड त्यांना करू द्या.

प्रश्न : मी टीम लीड आहे. नव्या आवृत्तीच्या रिलीजच्या आदल्या रात्री एका सहकाऱ्याचे मॉड्यूल मी त्याला न विचारता संपूर्ण नव्याने लिहिले आणि मर्ज केले. रिलीज सुरळीत झाले. त्यानंतर तो बैठकीत एक शब्दही बोलत नाही. आता दोन महिने झाले. हे कसे सावरावे?

उत्तर : तुम्ही हे स्वतःहून लिहिले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. त्या रात्री तुमच्याकडून त्याला असा निरोप गेला की त्याचे काम टाकाऊ आहे आणि त्याविषयी त्याच्याशी बोलण्याचीही गरज नाही. रिलीज सुरळीत झाल्यामुळे तो निरोप आणखी पक्का झाला.

त्याला एकट्याला भेटा आणि काय केले ते नेमक्या शब्दांत सांगा : ‘‘तुझे मॉड्यूल मी तुला न विचारता बदलले आणि रिव्ह्यूशिवाय मर्ज केले. ते चुकीचे होते. मी तुला त्याच रात्री फोन करायला हवा होता.’’ यापुढे ‘पण रिलीज जायलाच हवे होते’ असे जोडू नका. ते खरे असले तरी त्या क्षणी आधीची तिन्ही वाक्ये पुसून टाकते. मग तो काय म्हणतो ते ऐका. तो फार काही म्हणेल अशी अपेक्षा ठेवू नका.

त्यानंतर तुम्ही लिहिलेला तो कोड त्याच्याकडे रिव्ह्यूसाठी द्या. दोन महिन्यांनी का होईना, त्याला त्यावर टिप्पण्या करू द्या, आणि त्या मॉड्यूलचे पुढचे निर्णय त्याच्याकडे सोपवा, मग त्यात तुमच्या रात्रीच्या कोडचा काही भाग उडाला तरी चालेल. रिपॉझिटरीच्या (टीमच्या कोडच्या सामायिक साठ्याच्या) सेटिंगमध्ये मुख्य शाखेवर असा नियम लावा की दुसऱ्या एका व्यक्तीच्या मंजुरीशिवाय काहीही मर्ज होणार नाही, आणि अॅडमिनना मिळणारी सूट बंद करा, म्हणजे हा नियम तुम्हालाही लागू होईल. नियम का लावला ते टीमसमोर सांगताना आपल्या त्या रात्रीचा उल्लेख करा. त्याचे नाव घेण्याची गरज नाही, सर्वांना ते ठाऊक आहे.

तो पहिल्या विनंतीला कदाचित नकार देईल, किंवा ‘ठीक आहे’ एवढेच लिहून मंजुरी देईल. तसे झाले तर आग्रह धरू नका. पुढच्या आठवड्यात दुसरी पुल रिक्वेस्ट त्याच्याकडे पाठवा, आणि ज्या दिवशी त्याची पहिली खरी हरकत येईल, त्या दिवशी संध्याकाळच्या आत तिला उत्तर द्या.